फुकटच्या घामावर उभं राहिलेलं संशोधन

दर उन्हाळ्यात तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक ठरावीक मजकूर फिरतो. वन्यजीव संशोधन प्रकल्पासाठी फिल्ड व्हॉलंटियर हवेत. कालावधी तीन ते सहा महिने. रोज दहा-बारा किलोमीटर चालण्याची तयारी हवी. स्वतःचा लॅपटॉप असल्यास उत्तम, दुचाकी चालवता येत असल्यास प्राधान्य. राहण्याची सोय साधी, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, मानधन नाही. शेवटी सर्टिफिकेट आणि ‘अनुभव’ मिळेल.

हा मजकूर बीडच्या एखाद्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलीच्या नजरेतून वाचून पाहा. तिचे वडील भंगाराचा गाडा चालवतात किंवा मोंढ्यात हमाली करतात. किंवा आई-वडील दोघेही दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर परततात. या घरातल्या पदवीधर मुलीने सहा महिने बिनपगारी राबायचं, वर येण्या-जाण्याचं भाडं खिशातून भरायचं. तिच्यासाठी ही संधी नाहीच, हा बंद दरवाजा आहे. दरवाज्यावर ‘सर्वांचं स्वागत’ अशी पाटी लावली म्हणून तो उघडा होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या, ठरलेल्या वेळेच्या, ठरलेल्या जबाबदारीच्या कामाला ‘स्वयंसेवा’ म्हणणं ही फसवणूक आहे. ते श्रम आहेत आणि श्रमांना मोबदला असतो. तो न देणारं संशोधन निसर्गाची कितीही काळजी करत असलं, तरी ते गरिबाला दाराबाहेर ठेवतं. मराठवाड्यात गरीब कोण, हे मुसलमान, दलित, भटके-विमुक्त आणि ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांतून फिरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खड्डा खोदणाऱ्याला मजुरी, पक्षी मोजणाऱ्याला सर्टिफिकेट

बीड म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण आठवतं. पण याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगररांगेत नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. नावाप्रमाणे ते मोरांसाठी राखलेलं आहे. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारा ‘सर्पराज्ञी’ प्रकल्प स्थानिक माणसांनी उभा केला आहे. म्हणजे इथे वन्यजीव आहेत आणि त्यांच्यासाठी झटणारी माणसंही आहेत.

आता हिशेब मांडू. अशा एखाद्या डोंगरावर रोजगार हमीचं सलग समतल चराचं काम निघालं, तर तिथे कुदळ मारणाऱ्या मजुराला कायद्याने ठरलेली मजुरी मिळते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात हा दर दिवसाला २९७ रुपये होता. तो पुरेसा आहे असं कुणीच म्हणणार नाही. पैसे उशिरा येतात, हजेरीपटात घोळ होतात, हेही खरं. पण मजुरी द्यायची असते, एवढं तरी तिथे मान्य आहे. त्याच डोंगरावर पहाटे पाच वाजता उठून पक्षी मोजणाऱ्या, विष्ठेचे नमुने गोळा करणाऱ्या, कॅमेरा ट्रॅपच्या बॅटऱ्या बदलणाऱ्या पदवीधराला मात्र शून्य रुपये. १९७२च्या दुष्काळातून ज्या महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात आणला, त्याच महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाच्या कामाला हक्क नाही, फक्त ‘अनुभव’ आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की संशोधनाकडे पैसा नसतो. पैसा कमी असतो, हे खरं. पण मग कॅमेरा ट्रॅप विकत कसे येतात? भाड्याची जीप फिरते कशी? पेट्रोल पंपावर निसर्गप्रेम चालत नाही, तिथे रोख मोजावी लागते. बॅटरी, डिझेल, विमानाचं तिकीट, परिषदेची फी या सगळ्यांचा रकाना अर्जात असतो. फक्त पायी चालणाऱ्या माणसाच्या रकान्यात शून्य लिहायची सवय झाली आहे. याचं कारण असं, की कॅमेरा फुकट मिळत नाही आणि माणूस मिळतो.

पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाची स्वतःची अवस्था बिकट असते, हेही मला मान्य आहे. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३पासून महिन्याला ३७ हजार झाली, पण ती सगळ्यांना मिळत नाही. अशा विद्यार्थ्यावर माझा रोख नाही. रोख आहे तो त्याच्या वरच्या व्यवस्थेवर, म्हणजे निधी देणाऱ्या आणि प्रकल्प मंजूर करणाऱ्या संस्थांवर. प्रस्तावात सहा महिन्यांचं फिल्डवर्क आहे आणि सहाय्यकाच्या वेतनाला तरतूद नाही, असा प्रस्ताव त्यांनी परत का पाठवू नये? सहा महिने फुकट करून घेण्यापेक्षा तीनच महिने काम करा, पण पैसे देऊन करा.

एक रात्र आणि सहा महिने

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, नाहीतर लोक म्हणतील की हा माणूस सेवाभावाच्याच विरोधात आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करणं, रविवारी सकाळी तलावावर पक्षी पाहून यादी करणं, विहिरीत पडलेल्या कोल्ह्याला बाहेर काढायला धावणं, ही खरी स्वयंसेवा. माणूस स्वतःच्या फुरसतीतून ती देतो. मनात आलं तर येतो, नाही आलं तर येत नाही. त्याच्यावाचून कुणाचा शोधनिबंध अडत नाही.

सहा महिने एका कॅम्पवर राहणारा सहाय्यक असा नसतो. त्याला वेळापत्रक असतं, वरिष्ठ असतो, सुट्टी मागावी लागते. त्याच्या नोंदींवर कुणाची पदवी उभी राहते, कुणाला पुढचा निधी मिळतो. दुसऱ्याच्या कमाईला हातभार लावणारं, हुकमाने चालणारं काम म्हणजे नोकरी. कामगाराचा मोबदला लांबवू नका, ही शिकवण आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात किती वेळा ऐकतो! ती वीटभट्टीच्या मालकाला लागू आणि संशोधन प्रकल्पाला नाही, असं कुठे म्हटलेलं नाही.

परदेशात तर ही गोष्ट आणखी पुढे गेली आहे. १९७१मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अर्थवॉचसारख्या संस्थेने एक नमुना घालून दिला. त्यात स्वयंसेवक स्वतः पैसे भरून संशोधनाच्या मोहिमेवर जातो. बोस्टनच्या नोकरदाराने सुट्टीचे दोन आठवडे असे घालवले तर कुणाची तक्रार नाही. तो आपली सहल विकत घेतो. पण हाच नमुना उष्ण कटिबंधातल्या देशांत रूढ झाला, की पैसे भरणारा पाहुणा आणि पगार मागणारा स्थानिक तरुण यांच्यात प्रकल्प कुणाला निवडणार? कॅम्पवरची जागा ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच मिळते. पुढे नोकरीच्या अर्जात ‘फिल्डचा अनुभव’ विचारला जातो, तेव्हा तो अनुभवही त्याच्याकडेच असतो.

अलीने टिपलेला पक्षी, वॉलेसचं नाव

ही आजची गोष्ट नाही. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा डार्विनचा समकालीन आणि नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडणारा शास्त्रज्ञ. १८५४ ते १८६२ या काळात तो आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर फिरला. सव्वा लाख नमुने त्याने गोळा केले. त्यात ८,०५० पक्षी होते. या प्रवासात सारवाकचा एक मलाय मुसलमान मुलगा त्याच्यासोबत होता. नाव अली. स्वयंपाकापासून त्याची सुरुवात झाली. पुढे तो बंदूक चालवायला, पक्ष्यांची कातडी सोलून टिकवायला शिकला आणि वॉलेसचा मुख्य सहाय्यक बनला. त्या पक्ष्यांतले हजारो अलीच्या हातचे, असं आजचे अभ्यासक सांगतात. १८५८ साली बाचान बेटावर स्वर्गपक्ष्यांच्या कुळातला एक अनोळखी पक्षी अलीनेच टिपून आणला. लंडनमध्ये त्या पक्ष्याचं नामकरण झालं, ते वॉलेसच्या नावाने.

तरीही दोन गोष्टी वॉलेसच्या बाजूने सांगायला हव्यात. त्याने आपल्या प्रवासग्रंथात अलीचं नाव लिहिलं, तो पक्षी त्याने आणल्याचं नोंदवलं. आणि अलीला तो पगार देत होता. १८६२मध्ये निरोप घेताना त्याने अलीला पैसे, बंदुका, दारूगोळा देऊन पाठवलं. १९०७ साली एक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तर्नाते बेटावर गेला, तेव्हा एका म्हाताऱ्याने त्याला आपली ओळख ‘अली वॉलेस’ अशी करून दिली. आयुष्यभर त्याने त्या कामाचा अभिमान बाळगला होता.

म्हणजे साम्राज्यशाहीच्या भरात, गोऱ्या साहेबाकडे राबणाऱ्या सहाय्यकाला पगार मिळत होता. दीडशे वर्षांनंतर स्वतंत्र भारतातल्या पदवीधराला सर्टिफिकेट मिळतं. याला प्रगती म्हणायचं का, हे वाचकांनीच ठरवावं.

‘सलीम अलींनीही फुकट काम केलं होतं’

हा युक्तिवाद मुसलमान वाचकांसमोर तर हमखास केला जातो. त्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट तपासू.

१९३०च्या सुमारास सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून आले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते किहीमला राहिले, सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. मग त्यांनी संस्थानांना एक प्रस्ताव दिला. पगार नको, फक्त मोहिमेचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करतो. १९३१-३२मध्ये झालेलं हैदराबाद संस्थानाचं सर्वेक्षण त्यातलं पहिलं. बीड तेव्हा याच निझामी संस्थानातला जिल्हा होता. मराठवाड्याच्या पक्ष्यांची पहिली शास्त्रशुद्ध नोंद एका मुसलमान शास्त्रज्ञाच्या बिनपगारी कामातून झाली, हे अभिमानाने सांगावं असंच आहे.

पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? पहिली गोष्ट, मोहिमेचा खर्च संस्थानाने दिला. आजच्या व्हॉलंटियरला तोही मिळत नाही. दुसरी गोष्ट, सलीम अली कुणाचे सहाय्यक नव्हते. सर्वेक्षण त्यांचं होतं, लेख त्यांच्या नावाने छापला गेला, त्यातून उभी राहिलेली कीर्तीही त्यांचीच. तिसरी गोष्ट, मुंबईच्या एका सुस्थित, सुशिक्षित सुलेमानी बोहरा घराण्याचा आधार त्यांच्या पाठीशी होता. पत्नी तहमिना यांनी काटकसरीचं आयुष्य स्वीकारलं आणि त्या मोहिमेवरही सोबत गेल्या. ज्याच्या घरात दोन वेळची चूल पगाराशिवाय पेटू शकते, त्याचा त्याग मोठाच. पण ज्याच्या घरात ती पेटू शकत नाही, त्याच्याकडून तोच त्याग मागणं याला निर्दयपणा म्हणतात.

सलीम अलींच्याच काळातलं दुसरं उदाहरण कमी सांगितलं जातं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९६०च्या दशकात स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. त्यासाठी पक्षी जिवंत, इजा न करता पकडावे लागत. हे कसब बिहारच्या मीरशिकार समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. पक्षी पकडणारे हे मुसलमान पारधी. त्यांतले अली हुसेन सोसायटीसोबत दीर्घकाळ काम करून देशभर नावाजले गेले. पुस्तकी शिक्षण नसलेल्या माणसाच्या हातात जे ज्ञान होतं, ते विद्यापीठात नव्हतं. संस्थेने ते ओळखलं आणि कामाला लावलं.

आपल्याकडे काय झालं? महाराष्ट्रात दरवेशी अस्वल फिरवत, गारुडी-मदारी साप धरत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं. बंदी योग्यच होती, अस्वलाच्या नाकातली वेसण कुणी परत मागू नये. पण प्राण्याच्या सवयी, माग, बिळं, ऋतू यांचं जे ज्ञान या लोकांकडे होतं, त्याला कुणी नोकरी दिली? गुन्हेगार म्हणून त्यांची नोंद झाली, जाणकार म्हणून झाली नाही. आजही संशोधक गावात येतो, मेंढपाळाला विचारतो की लांडग्याची गुहा कुठे आहे. मेंढपाळ दिवस मोडून दाखवतो. निबंधात त्याचा उल्लेख ‘स्थानिक लोकांच्या मदतीने’ एवढाच. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी-लेखकाने ज्यांच्याकडून जंगल शिकलं त्या माणसांना नावानिशी मराठी साहित्यात आणलं. साहित्याला जे जमलं, ते विज्ञानाला जमायला काय हरकत आहे?

नुकसान विज्ञानाचंही

हा फक्त न्यायाचा प्रश्न असता तरी पुरेसा होता. पण फुकट श्रमांच्या या पद्धतीने संशोधनाचंही नुकसान होतं. ज्याला परवडतं तोच येत असेल, तर तो त्याला आवडेल तिथेच जाणार. ताडोब्याला जाईल, सह्याद्रीत जाईल. बीड-धाराशिवच्या उघड्या माळावर कोण येणार? सरकारी कागदावर ज्याला ‘पडीक’ म्हणतात, त्या माळावर लांडगा, खोकड, काळवीट जगतात. त्यांची सलग नोंद ठेवायला तिथलाच माणूस हवा.

त्याची किंमत आपण मोजली आहे. २०२०च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. कापूस वेचणीचे दिवस होते आणि लोक शेतात जायला घाबरत होते. डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात तो बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या आठवड्यांत प्रत्येक ठशावरून अफवा उठत होती. शेजारच्याच नगर जिल्ह्यात, अकोल्याच्या शेतांमध्ये, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला होता. दाट लोकवस्तीच्या त्या ऊस-पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे राहतात आणि बहुतेक वेळा माणसाच्या वाटेला जात नाहीत, हे त्यातून दिसलं. गावाला अशा वेळी असंच ज्ञान धीर देतं. आष्टीत ते सांगणारा, ठसा ओळखणारा प्रशिक्षित मुलगा-मुलगी गावोगावी असती, तर दहशतीचे ते दिवस थोडे तरी सुसह्य झाले असते.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१मध्ये, माजलगाव तालुक्यातलं लवूळ जगभर गाजलं. माकडांनी सूड म्हणून २५० कुत्र्यांची पिल्लं मारली, अशी ती बातमी. नागपूरहून आलेल्या पथकाने दोन माकडं पकडली. विनोद झाले, मीम झाले. पण २५० हा आकडा कुणी मोजला, कधी, कसा, हे कुणी विचारलं नाही. जिथे निरीक्षक नसतो तिथे अफवा हाच डेटा होतो. बीडची ओळख पुन्हा एकदा तमाशा म्हणून झाली.

आपल्या घरातलंही बोलू

सगळा दोष बाहेर ढकलून मोकळं होता येणार नाही. मुलगा म्हणाला की मला पक्ष्यांवर काम करायचंय, तर आपल्या मोहल्ल्यात पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘चिडिया गिनके पेट भरेगा क्या?’ मुलगी म्हणाली तर विषयच संपतो. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर दुकान, याच्या पलीकडचा रस्ता आपल्याला दिसत नाही. सलीम अलींचा फोटो शाळेच्या भिंतीवर लावतो, पण त्यांच्या वाटेने पोराला जाऊ देत नाही.

पण पालकांच्या त्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. पोट भरेल का, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याला ‘आवड असेल तर पैसा दुय्यम’ हे उत्तर चालत नाही. पगाराचं पत्र हेच उत्तर चालतं. मुलीच्या बाबतीत तर राहण्याची सुरक्षित जागा, कॅम्पवर दुसरी स्त्री, रात्रीच्या कामाचे नियम आणि साप चावला किंवा गाडी घसरली तर विमा, हे सगळं लेखी मिळालं तर कित्येक आई-वडील तयार होतील. परंपरेने तिला अडवलं असं म्हणणं सोपं असतं. प्रकल्पाने तिच्यासाठी काय सोय केली, हे आधी विचारावं.

आपल्या शिक्षणसंस्था, बैतुलमाल, शिष्यवृत्ती देणाऱ्या कमिट्या मेडिकलच्या फीला मदत करतात, ते चांगलंच आहे. त्यांनी वर्षाला दोन विद्यार्थी अशा कामासाठी निवडले, प्रवासखर्च आणि महिन्याचा निर्वाह दिला, तर पाच वर्षांत जिल्ह्यात दहा प्रशिक्षित निरीक्षक तयार होतील. मात्र ही मदत प्रकल्पांनी पगार न देण्याची सबब होता कामा नये.

मागणं काय आहे

मागणं मोठं नाही. एका महिन्याहून जास्त चालणाऱ्या फिल्डच्या कामाला किमान वेतनाइतका तरी मोबदला द्या. प्रवास, जेवण, विमा प्रकल्पाच्या खर्चात धरा. ज्या जिल्ह्यात काम आहे, तिथल्या कॉलेजांत मराठी आणि उर्दूत जाहिरात लावा, इंग्रजी ही निवडीची चाळणी करू नका. गावातला वाटाड्या असो की पदवीधर सहाय्यक, निबंधात त्याचं नाव लिहा. ज्याच्या नोंदींवर निष्कर्ष उभा आहे, त्याला सहलेखक करा. निष्कर्ष निघाले की गावात येऊन गावाच्या भाषेत सांगा. आणि विद्यापीठांनो, निधी देणाऱ्या संस्थांनो, प्रस्तावात फुकट श्रम दिसले तर तो प्रस्ताव अपुरा आहे असं समजा.

वाचणाऱ्या तरुणांनाही एक सांगायचं आहे. असा मजकूर पुन्हा ग्रुपवर आला, तर त्याखाली पानांचं चित्र टाकू नका. एकच प्रश्न विचारा, ‘मानधन किती?’ विचारताना लाजू नका, निसर्गप्रेम त्याने कमी होत नाही. हा प्रश्न दहा जणांनी विचारला तर जाहिरात बदलेल. शंभर जणांनी विचारला तर नायगावच्या डोंगरावर मोर मोजायला पाटोद्याची मुलगी उभी असेल आणि महिनाअखेरीस तिच्या खात्यात पगार जमा झालेला असेल.